इंजिन सेल्फला फिरतच नसेल तर ते जाम झाले आहे असे समजावे का?

आपण लिहिले आहे की, आपली जुनी डिझेल जीप परवा रात्री जांबोटीकडून भर पावसात नंदगडला आली, वाटेत एका फरशीवरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) वाहणाऱ्या पाण्यातून गेली, घरी पोहोचल्यावर अंगणात नेहमीसारखी बंद केली आणि सकाळी किल्ली फिरवली तेव्हा एकदाच ‘टक’ असा आवाज होऊन पुढे काहीच झाले नाही. जवळच्या मिस्त्रीने इंजिन जाम झाल्याचे सांगून ते खाली उतरवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, असा आपला प्रश्न आहे.

एवढ्या लक्षणावरून तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात मी वीसहून अधिक वर्षे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घासण्याच्या, म्हणजे ग्राइंडिंगच्या, मशीनवर काढली. खरोखर जाम झालेल्या इंजिनाचा क्रँक कसा दिसतो, त्याच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) वितळलेल्या बेअरिंगचा थर कसा चिकटलेला असतो, हे मी हाताळून पाहिले आहे. म्हणूनच ‘जाम’ हा शब्द मी फार उशिरा वापरतो. ऑइल संपून किंवा पाणी उकळून जाम होणारे इंजिन सहसा चालता चालता, आवाज करून, दम तोडत थांबते. आपली जीप घरापर्यंत व्यवस्थित आली आणि रात्रभर उभी राहिल्यावर अडली, ही हकिगतच मिस्त्रींच्या निदानाच्या विरुद्ध जाते.

पहिली तपासणी एका माणसाने किल्ली फिरवून आणि दुसऱ्याने समोर उभे राहून हेडलाइट पाहून करायची आहे. मात्र इंजिनात पाणी शिरल्याचा संशय असल्यामुळे किल्ली एकदाच, जेमतेम एक सेकंद फिरवावी. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. ‘टक’ झाले आणि दिवे तसेच लखलखीत राहिले, तर करंट सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या विजेच्या, मोटरमधून वाहतच नाही. तिला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइड नावाच्या स्विचचे आतले संपर्क जळाले असावेत किंवा कार्बन (करंट पोहोचवणारे ब्रश) झिजून आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, टेकत नसावेत. दिवे एकदम मंदावले तर करंट मोटरपर्यंत पोहोचतो आहे, पण एक तर बॅटरीत दम नाही किंवा मोटरला फिरणे शक्य नाही. दिवे पूर्ण विझले आणि किल्ली सोडल्यावर हळूहळू परत आले, तर बॅटरीचे टर्मिनल आधी उघडावे; वरून घट्ट दिसणाऱ्या टर्मिनलच्या आत पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर सापडतो आणि गरम पाणी, सँडपेपर व पाना एवढ्यावर काम भागते. ‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज येत असता तर मी थेट बॅटरीकडेच बोट दाखवले असते, पण आपल्याकडे तसे नाही.

बॅटरीचा अंदाज कोणत्याही साध्या मल्टिमीटरने येतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली आणि 12.0 म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन हाताने फिरते हे पाहिल्यानंतर (ते कसे, ते खाली सांगतो) सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल तर आधी चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावून पाहावे आणि मगच पुढचा विचार करावा.

यानंतर अर्थिंग. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एकदा माझ्या गाडीची क्लच प्लेट एका गॅरेजमध्ये बदलून घेतली होती. चार दिवसांनी खानापूर स्टेशनबाहेर गाडीने सेल्फ घेतला नाही, नुसते ‘टक’. मी दोन-तीनदा किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. पाहतो तर ॲक्सिलरेटरच्या केबलचे वेष्टन मऊ होऊन त्यातून धूर निघत होता. गिअरबॉक्स उतरवताना बॉडी आणि इंजिन जोडणारी अर्थिंगची चपटी, विणलेली पट्टी सोडली होती, ती परत बसवायची राहून गेली होती आणि सेल्फचा शेकडो ॲम्पिअरचा करंट परतीची वाट शोधत त्या बिचाऱ्या केबलमधून जात होता. दोष सापडेपर्यंत बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलण्याचा सल्ला मला मिळून चुकला होता. तेव्हापासून मी त्या पट्टीची दोन्ही टोके आधी पाहतो. जम्पर केबल असेल तर तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा, पण हेही इंजिन हाताने फिरवून पाहिल्यानंतरच. इंजिन फिरले तर दुखणे अर्थिंगचे आहे.

आपल्या बाबतीत मात्र माझा पहिला संशय सेल्फ मोटरवरच आहे. ती इंजिनाच्या खालच्या बाजूला असते. गरम झालेली मोटर गढूळ पाण्यात बुडली की आत पाणी व बारीक गाळ ओढला जातो आणि रात्रभरात कार्बन त्यांच्या घरात अडकून बसतात, किंवा बेंडिक्सचा गिअर (सेल्फमधून पुढे सरकून इंजिनाला फिरवणारे दातेरी चाक) शाफ्टवर सरकेनासा होतो. खानापूर तालुक्यातील लाल चिखल वाळल्यावर कसा घट्ट बसतो, हे आपणास सांगायला नको. मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकत असताना दुसऱ्याने किल्ली फिरवावी, ही जुनी युक्ती अडकलेला कार्बन मोकळा करते. पण ती युक्ती म्हणजे दुरुस्ती नव्हे आणि तिची पाळी इंजिन हाताने फिरवून पाहिल्यानंतरच येते.

हे हाताने फिरवून पाहणेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच आपल्याकडे कोणी केलेले दिसत नाही. किल्ली काढावी, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टवर गोटी पाना लावून, लांब दांडा वापरून, समोरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने संथपणे फिरवावे. आपल्या जीपमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते, तिथे हीच दिशा चालते. डिझेल इंजिन जड लागणारच. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा कॉम्प्रेशन आडवे येते, पण दांड्यावर जोर धरून ठेवला की हवा हळूहळू सुटते आणि दांडा रबर दाबल्यासारखा पुढे सरकतो. असे दोन पूर्ण फेरे झाले तर इंजिन जाम नाही, हे मिस्त्रींना तिथल्या तिथे दाखवता येईल. अजिबात हलत नसेल तर फॅनबेल्ट सैल करून पुन्हा प्रयत्न करावा, कारण डायनामोचे किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग धरले तरी क्रँक अडू शकतो. बेंडिक्सचा गिअर फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये रुतल्यामुळेही असे होते. तेव्हा सेल्फचे बोल्ट सैल करताच तो सुटल्याचा आवाज येतो.

दांडा काही अंतर मोकळा जाऊन एका ठिकाणी भिंतीवर आपटल्यासारखा थांबत असेल आणि मागे फिरवल्यावर पुन्हा मोकळा होत असेल, तर तिथेच हात थांबवावा. हे सिलिंडरमध्ये पाणी असल्याचे लक्षण आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अडीच लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात, कॉम्प्रेशनचे प्रमाण 20 धरले तर, पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा अवघी 33 मिलिलिटर भरते. म्हणजे कटिंग चहाचा कपदेखील नाही, दोन मोठे चमचे आणि वर थोडेसे. तेवढे पाणी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरते. म्हणून पाण्याचा संशय फिटेपर्यंत गाडीला धक्का मारून किंवा गिअरमध्ये ओढून सुरू करण्याचा प्रयत्न कृपया कोणालाही करू देऊ नये. शेजारचा ट्रॅक्टर कितीही तत्परतेने दोर घेऊन आला तरी.

हवेच्या वाटेने पाणी शिरले असते तर जीप बहुधा त्या फरशीवरच बंद पडली असती. पण एअर फिल्टर उघडून तो कोरडा आहे का ते पाहावे, ऑइलची डिपस्टिक काढून ऑइल दुधाच्या चहासारखे तर झालेले नाही ना ते तपासावे आणि इंजिन थंड असताना रेडिएटरमधील पाण्याची पातळीही पाहावी. पातळी घटली असेल तर हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि त्यांवरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधल्या पातळ थरातून) पाणी रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी डिझेलचा पुरवठा तोडून सर्व हिटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढायचे, भोकांवर जाड कापड धरायचे आणि आधी हाताने, मग क्षणभर सेल्फने इंजिन फिरवायचे. आतले पाणी पिचकारीसारखे बाहेर येते, तेव्हा तोंड त्या रेषेत नसावे. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचे ठळकपणे कमी भरले तर तिथला रॉड वाकून आखूड झाला असण्याची शक्यता आहे आणि हेड उतरवणे टळत नाही.

गाडी बेळगावला न्यायची झालीच तर न्यूट्रलमध्ये ओढून किंवा टेम्पोवर चढवून न्यावी आणि आधी सेल्फचे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दाखवावी. तिथले मिस्त्री कोणत्याही भाषेत त्याला ‘सेल्फ’च म्हणतात, त्यामुळे बोलण्याची अडचण येणार नाही. इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहिलाच नाही, तर क्रँक ग्राइंडिंगला देण्यापूर्वी आपल्या समोर मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल मोजून आकडे कागदावर लिहून घ्यावेत. घासून बारीक झालेल्या जर्नलसाठी बेअरिंग पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. पाव मिलिमीटरमध्ये साफ होणारा क्रँक थेट अर्ध्यावर घासला गेला तर पुढच्या दुरुस्तीची एक पायरी आपण विनाकारण गमावलेली असते.