सांगलीत आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारसाठी स्क्रू कोणते घ्यावेत?

१:१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची) गाडी असेल तर बहुतेक एम३च (३ मिमी जाडीचे) लागतील, ०.५ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं. खेळण्यांच्या दुकानात शोधू नका; कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला नटबोल्टवाल्याकडे ‘ॲलन बोल्ट’ (डोक्यात षटकोनी खाच असलेले) म्हणून सुटे मागा. जुना नमुना खिशात असू द्या. गोल डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, सीएसकेची (सपाट डोकं भोकात बुडून बसतं त्या स्क्रूची) मात्र डोक्यासकट. घोळ होतो तो इथंच. स्टेनलेस सहसा गंजत नाही, पण नरम. ॲलन की जरा घासलेली असली की खाचेचे कोपरे गेलेच म्हणून समजा. मी १२.९ ग्रेडचे (कडक पोलादाचे) काळेच घेतो, चिखलातून आणल्यावर तेलाचा हात फिरवला की झालं. मोटरच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), थेंबभरच. प्लॅस्टिकला अजिबात लावू नका, तडकतं.