कलम ३७०, अनुच्छेद ३७० की धारा ३७०? आणि ते ‘रद्द’ झालं का?

प्रश्न असा आला आहे. प्रश्नकर्त्या बाईंनी त्यांच्या मंडळाच्या वार्षिकासाठी ‘आर्टिकल ३७०’ या हिंदी चित्रपटावर लेख लिहिला. त्यात त्यांनी ‘कलम ३७० रद्द करण्याच्या निर्णयावर बेतलेला राजकीय थरारपट’ असं लिहिलं होतं. संपादकांनी ‘कलम’ खोडून ‘अनुच्छेद’ केलं आणि ‘राजकीय’चं ‘राजनैतिक’ केलं. मजकूर जुळवणाऱ्याने कुठून तरी ‘धारा ३७०’ही घुसडलं. बाईंचं म्हणणं, ‘आमच्याकडे सगळे कलमच म्हणतात, मग मी चुकले कुठे?’

चुकला नाहीत. लेखात ‘कलम’ ठेवा. ‘धारा’ काढा. ‘राजनैतिक’ तर काढाच. संपादकांचा ‘अनुच्छेद’ बरोबर आहे, पण सिनेमावरच्या लेखात तो सक्तीचा नाही. तुमच्या वाक्यात खरा अडचणीचा शब्द वेगळाच आहे, आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. तो म्हणजे ‘रद्द’. त्याच्याकडे जरा सावकाश येतो.

आधी ‘कलम’. शब्द अरबी, अर्थ लेखणी. बोरूला तासून टोक काढायचं, तसंच झाडाची फांदी तासून दुसऱ्या झाडावर बसवायची, म्हणून हापूसचंही कलम. आणि लेखणीने एकेक बाब वेगळी मांडायची, म्हणून कागदपत्रातली प्रत्येक बाब हेही कलम. पेशवाईतल्या तहांना ‘कलमं’ होती, हिशेबाच्या यादीलाही होती. इंग्रजांचे कायदे मराठीत आले तेव्हा त्यांच्या तुकड्यांसाठी हा शब्द तयारच होता, कुणाला नवा पाडावा लागला नाही. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो १२४-अ कलमाखाली, जमावबंदी १४४ कलमाची, खून ३०२ कलमाचा. (१ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. आता खुनाचं कलम १०३ आणि जमावबंदीचं १६३. ‘चारसोबीस’ मात्र कायद्यातून निघून गेला तरी बोलण्यातून हलायचा नाही.)

मग ‘अनुच्छेद’ कशाला? कायद्याच्या मराठीत संविधान आणि साधा अधिनियम यांच्या विभागांना मुद्दाम वेगळी नावं आहेत. अधिनियमात कलम आणि त्याखाली पोटकलम. संविधानात अनुच्छेद, त्याखाली खंड, मग उपखंड. ‘परंतु असे की’ म्हणून जो अपवाद जोडतात तो परंतुक. ही वाटणी उपयोगाची आहे. निकालपत्रात ‘कलम ३७०’ म्हटलं तर कुठल्या कायद्याचं हे सांगावं लागतं, ‘अनुच्छेद ३७०’ म्हटलं की संविधानाचा हे कळतंच. शब्द अगदी अनोळखी आहे असंही नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात मूलभूत कर्तव्यांच्या पानावर ‘अनुच्छेद ५१ क’ असं छापलेलं असतं. वर्षानुवर्षं ते पान प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला येतं आणि आपण ते उलटून पुढे जातो. एवढ्या ठिकाणी छापूनही शब्द तोंडी बसला नाही, कारण ‘घटनेचं कलम’ ही जोडी मराठीत आधीच मुरलेली होती. वकील कोर्टात अनुच्छेद म्हणोत, चहाच्या टपरीवर कलमच चालणार, आणि त्यात अशुद्ध काही नाही. मला विचाराल तर ‘पोटकलम’सारखा शब्द ज्या भाषेत आहे तिने ‘कलम’ची लाज बाळगू नये.

एक व्यावहारिक सूचना मात्र करतो. दोन्ही एका लेखात मिसळू नका, कारण लिंग बदलतं. कलम लागू ‘झालं’, अनुच्छेद लागू ‘झाला’. संपादकांनी नुसता शब्द बदलून क्रियापद तसंच ठेवलं असेल तर तिथे नजर टाका.

‘धारा’ ही हिंदीची देणगी. हिंदीत अधिनियमाच्या विभागाला धारा म्हणतात, संविधानाच्या विभागाला तिथेही अनुच्छेदच. म्हणजे हिंदी वाहिन्यांचा ‘धारा ३७०’ हा त्यांच्याही कायद्याच्या भाषेत बोलीतलाच प्रयोग, आपल्या ‘कलम ३७०’सारखा. त्यांचा तो त्यांना लखलाभ. मराठीत ‘धारा’ म्हटलं की आधी पावसाच्या धारा येतात, फार तर जमिनीवरचा सरकारी आकार. रत्नागिरीकडच्या खोती गावांत ‘धारेकरी’ होते ते हाच धारा भरणारे. ‘काश्मीरची धारा ३७०’ मराठीत ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे महसूल खातं उभं राहतं.

चित्रपटवाल्यांनी नाव ठेवताना ना अनुच्छेद घेतला ना धारा, सरळ ‘आर्टिकल’ ठेवलं. २०१९ मध्ये ‘आर्टिकल १५’ येऊन गेला होता, त्यामुळे प्रेक्षकाला अशा नावाची सवयही होती. २३ फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक आदित्य सुहास जांभळे गोव्याचे. यामी गौतमची तपास यंत्रणेतली अधिकारी काश्मीरमध्ये आणि प्रियामणीची पंतप्रधान कार्यालयातली अधिकारी दिल्लीत, अशा दोन आघाड्यांवर तो चालतो. म्हणजे थरार अर्धा बंदुकीचा आणि अर्धा कायद्याच्या शब्दांचा. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद मी इथे काढत नाही. शब्दांचा भाग मात्र सिनेमाच्या बाहेरही तेवढाच उत्कंठावर्धक आहे, म्हणून आता ‘रद्द’.

अनुच्छेद ३७० रद्द झाला असेल तर संविधानाच्या आजच्या प्रतीत ३६९ नंतर थेट ३७१ असायला हवा, किंवा तिथे ‘निरसित’ असा शेरा हवा. तसं नाही. ३७० क्रमांकाचा अनुच्छेद अजून जागेवर आहे. फक्त आतला मजकूर दुसरा आहे. ६ ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रपतींच्या घोषणेने, म्हणजे सी. ओ. (कॉन्स्टिट्यूशन ऑर्डर, संविधान आदेश) २७३ ने, असं सांगितलं की त्या अनुच्छेदाचे सगळे खंड अमलात असण्याचं थांबेल आणि त्याऐवजी पुढील मजकूर वाचला जाईल. त्या नव्या मजकुराचा सारांश असा, की या संविधानाच्या सर्व तरतुदी कोणत्याही फेरबदलाशिवाय आणि अपवादाशिवाय जम्मू-काश्मीरला लागू होतील. ज्या क्रमांकाखाली एके काळी ‘हे लागू, ते लागू नाही’ असं होतं, त्याच क्रमांकाखाली आता ‘सगळंच लागू’ आहे.

त्याच्या आदल्या दिवशीचा, ५ ऑगस्टचा आदेश म्हणजे सी. ओ. २७२. त्याने संविधानातलं राज्याला काय लागू हे ठरवणारा १९५४ चा जुना आदेश अधिक्रमित केला, म्हणजे त्याची जागा घेतली, आणि त्याबरोबर त्या आदेशातून आलेला, राज्याच्या कायम रहिवाशांच्या खास हक्कांचा अनुच्छेद ३५ ए संपला. तेव्हा ३५ ए ‘रद्द झाला’ म्हणायला माझी हरकत नाही. ३७० ‘रद्द झाला’ म्हणायला आहे.

सी. ओ. २७२ मध्येच मराठी वाचकाने थांबून पाहावी अशी एक जागा आहे. मूळ ३७० च्या तिसऱ्या खंडात राष्ट्रपतींना हा अनुच्छेद थांबवण्याचा अधिकार होता, पण परंतुक म्हणायचं की त्यासाठी त्या राज्याच्या संविधान सभेची शिफारस लागेल. ती सभा तर राज्याचं संविधान करून १९५७ मध्ये विसर्जित झालेली. मग २७२ ने काय केलं? अनुच्छेद ३६७, जो संविधानातल्या शब्दांचे अर्थ कसे लावायचे ते सांगतो, त्यात एक खंड जोडला आणि सांगितलं की ३७० च्या परंतुकात ‘संविधान सभा’ आहे तिथे ‘विधानसभा’ वाचावं. दोन्ही शब्द मराठीत शेजारी ठेवून पाहा. संविधानसभा, विधानसभा. फक्त ‘सं’ गळला! इंग्रजी मसुद्यात अख्खा शब्द बदलावा लागला, आपल्याकडे एका अक्षरावर भागलं. राज्यात तेव्हा विधानसभाही नव्हती. ती २०१८ मध्येच विसर्जित झाली होती आणि राष्ट्रपती राजवटीत तिचे अधिकार संसदेकडे होते. म्हणून शिफारस संसदेने केली.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ११ डिसेंबर २०२३ ला निकाल दिला तेव्हा ही ‘सं’ गाळण्याची वाट नेमकी नामंजूर केली. शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या अनुच्छेदातून खुद्द ३७० मध्ये बदल करता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण संविधान सभा गेल्यावरही तिसऱ्या खंडाखालचा राष्ट्रपतींचा अधिकार उरतोच, असं ठरवून सी. ओ. २७३ वैध राखला. शब्दाच्या अंगाने निकाल एका बाजूला आणि परिणामाच्या अंगाने दुसऱ्या. कोशकारांनी आपल्या बाजूचा भाग कापून जपून ठेवावा.

तर ‘रद्द’ऐवजी काय? ‘हटवलं’ हे त्याहून वाईट, कारण हटवलेली वस्तू जागेवर नसते. ‘निष्प्रभ’ काही वर्तमानपत्रं लिहितात, ते अर्थाने जवळचं आहे. ‘निष्प्रभावी’ नको, ‘निष्प्रभाव’ला शेवटी तो ‘ई’ चिकटवायची गरज नाही. मला स्वतःला ‘कलम ३७० खालचा विशेष दर्जा संपुष्टात आला’ ही रचना आवडते. क्रमांक राहिला, त्याखालची व्यवस्था संपली, दोन्ही गोष्टी त्यात बसतात. ‘विशेष दर्जा’ हे शब्द मात्र आपले, बोलण्यातले. अनुच्छेदाच्या शीर्षकात ‘विशेष’ नव्हतं, तात्पुरत्या तरतुदी असं होतं. ज्या भागात तो आहे त्या एकविसाव्या भागाच्या नावात ‘विशेष’ १९६२ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने आलं. शीर्षकातच ‘विशेष तरतूद’ असलेला अनुच्छेद हवा तर शेजारचा ३७१ पाहा, तो महाराष्ट्र आणि गुजरातचा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळांचा आधार तोच, आणि तिकडे त्यालाही ‘कलम ३७१’च म्हणतात.

थोडं व्याकरण. ‘अनुच्छेद’ म्हणजे अनु + छेद. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो, जसं परि + छेद = परिच्छेद, तरु + छाया = तरुच्छाया. पण हाच शब्द अन् + उच्छेद असाही फोडता येतो, आणि मग अर्थ होतो ‘ज्याचा उच्छेद झाला नाही असा’. ही काही माझी कोटी नव्हे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेच्या मंगलश्लोकात ‘अनुच्छेदम् अशाश्वतम्’ आहे ते याच अर्थाने, नाशही नाही आणि नित्यताही नाही. संविधानाच्या परिभाषेशी त्याचा काडीचा संबंध नाही, व्युत्पत्ती पहिलीच खरी. पण अनुच्छेद ३७० च्या आजच्या स्थितीचं वर्णन करायला एवढे दोन शब्द कुणी आयते हातात ठेवले असते का?

‘राजनैतिक’चं थोडक्यात. हिंदीत ‘राजनीतिक’ म्हणजे आपलं राजकीय. मराठीत ‘राजनैतिक’ दोन देशांमधल्या संबंधांना वापरतात. राजनैतिक संबंध तोडले, राजनैतिक अधिकाऱ्याला परत पाठवलं, वगैरे. ‘राजनैतिक थरारपट’ म्हणजे दूतावासात घडणारी गोष्ट. ‘थरारपट’ उत्तम आहे. ‘अ‍ॅक्शन’ला मात्र ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नका, ‘हाणामारीचा थरारपट’ म्हटलं की वेगळाच सिनेमा डोळ्यांपुढे येतो.

बाईंनी तळटीपेत विचारलंय की ३५ ए लिहावं, ३५ अ की ३५ क. अधिकृत मराठीत ‘क’, कारण तिथे क, ख, ग, घ अशी मालिका धरली आहे. गोची अशी की आपण शाळेपासून अ, ब, क, ड मोजतो, त्यामुळे ‘३५ क’ वाचणाऱ्याला ते तिसरं वाटतं, इंग्रजी सी. म्हणून वर्तमानपत्रं ‘३५ अ’ छापतात, आणि मी वर मुद्दाम ‘३५ ए’ लिहिलं. वार्षिकाच्या वाचकांसाठी ‘३५ अ’ पुरेसं आहे. अधिकृत रूपच हवं असा संपादकांचा हट्ट असेल तर त्यांना गोव्याचा अनुच्छेद विचारा. विधानसभेत किमान तीस सदस्य असावेत असं सांगणारा तो इंग्रजीत ३७१-आय. क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ. म्हणजे अधिकृत मालिकेप्रमाणे ‘३७१ झ’.