जुन्या रेड वाइनच्या आठ बाटल्या उघडून तुलना करायची म्हणतोयस, पहिल्यांदाच ना?

अरे, पहिल्याच बैठकीत आठ बाटल्या नको, चार बस झाल्या, दोन फ्रान्सच्या बोर्दोच्या, दोन कॅलिफोर्नियातल्या नापाच्या, कॅबर्ने द्राक्षाच्याच आणि बाटलीवरची वर्षं जवळपासची, नाहीतर तुलना कशाची करणार? आदल्या दिवशी उभ्या ठेव, गाळ तळाशी बसतो, ओतताना हळू, शेवटचं बोटभर बाटलीतच राहू दे. मी पहिल्यांदा हलवून ओतली होती, ग्लासात नुसता चहाचा चोथा!

आपल्या इंदूरच्या मे महिन्यात रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची हे विसर, वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

लेबलं पेपरात गुंडाळ, कुठली कुठली ते कळायला नको. पॅरिसला १९७६ मध्ये फ्रेंच परीक्षकांनीच लेबल न बघता नापाच्या १९७३च्या स्टॅग्ज लीप या वाइनला रेडमध्ये पहिला नंबर दिला होता.

आणि हो, लसणाची शेव, जिरावण मसाला नंतर. डिकँटिंगचं, म्हणजे वाइन आधी दुसऱ्या भांड्यात ओतून घेण्याचं, पुढच्या वेळी सांगतो.