धनुष्याची पाठ सुटली तर?

प्रश्न : माझ्या हातघडणीच्या लाकडी धनुष्याची पाठीवरची (म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूची) बांबूची पट्टी मुठीच्या वर वीतभर सुटली आहे. फेव्हिकॉल भरून चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. आधी दोरी उतरवा आणि दुरुस्ती होईपर्यंत धनुष्य अजिबात ओढू नका. ओढताना पाठ ताणली जाते, सुटलेली पट्टी तिथंच मोडते. पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो; त्यात आपला पावसाळा. सावकाश सुकणारा, दोन भाग मिसळायचा इपॉक्सी आणा.

फटीत पातळ पातं घालून जुना गोंद खरवडा. 80 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी आत सरकवून दोन्ही अंगं खरखरीत करा, ॲसिटोननं पुसा. बांबूच्या बाहेरच्या अंगाला मात्र हात लावू नका. खरी ताकद तिथल्या तंतूंत असते.

इपॉक्सी फटीच्या टोकापर्यंत पोचवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. क्लॅम्प करकचून आवळला की गोंद बाहेर येतो, सांध्यात काही उरत नाही, म्हणून मला ट्यूबच आवडते. निदान 24 तास उबदार जागी ठेवा, डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा.

बांबूला आडवी चीर दिसली तर चिकटवत बसू नका. पट्टीच बदला.