मेकएमकेव्हीत जुन्या सीडी-डीव्हीडी अर्ध्यावर अडकतात, ड्राइव्ह बदलू का?

ड्राइव्ह बदलू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरला घर, जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आणि घरचे व्हिडिओ दाखवणारं जेलीफिन, चकतीवरचं चित्रण फाइलमध्ये उतरवणारा मेकएमकेव्ही डॉकरमध्ये (म्हणजे ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात), यूएसबीचा पातळ ड्राइव्ह हबला लावलेला, आणि कपाटातून निघालेल्या पस्तीसेक चकत्या. लग्नं, मुंजी, गावच्या दशावताराची शूटिंगं. काही चकत्या उघडतच नाहीत, काही अर्ध्यावर ‘स्कझी एरर’ (ड्राइव्हकडून आलेली चूक) देऊन थांबतात, मधूनच ड्राइव्ह गायब होतो. तुम्ही याला एकच दुखणं समजताय. मला तीन दिसतात, आणि पहिलं तर दुखणंच नाही.

न उघडणाऱ्या चकत्यांपासून सुरू करा. चकती घालून नुसतं आत काय आहे ते बघा. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर असेल तर डीव्हीडी. ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर आणि त्यात ‘डीएटी’ फाइल असेल तर ती व्हीसीडी. मेकएमकेव्ही डीव्हीडी आणि ब्लू-रे वाचतो, व्हीसीडी त्याच्या गावीही नाही. आपल्याकडे लग्नाचे शूटिंगवाले कितीतरी वर्षं व्हीसीडीच देत होते. एका चकतीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून तर वर मार्करने ‘भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’ लिहिलेलं असतं. तुमच्या चकत्यांवर असे भाग लिहिलेले असतील तर नव्वद टक्के उत्तर तिथेच आहे.

आता तुम्ही ती डीएटी फाइल सरळ कॉपी करायला जाल. विंडोजवर ती होते. लिनक्सवर (तुमचं उबुंटू त्यातलंच) ‘इनपुट आउटपुट एरर’ येते आणि चकती गेली असं वाटतं. मी देवगडचा. भावाच्या लग्नाच्या दोन चकत्या या एका एररवर विश्वास ठेवून मी भंगारात काढल्या होत्या, थोडक्यात वाचल्या. चकतीत काही बिघडलेलं नव्हतं. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका छोट्या तुकड्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायचा मजकूर. व्हीसीडीत चित्राच्या सेक्टरांतून तो दुरुस्तीचा मजकूर काढून टाकलाय आणि तिथेही चित्रच भरलंय, २३२४ बाइट. लिनक्सची फाइल सिस्टिम २०४८ चाच हिशेब धरून वाचायला जाते आणि आपटते.

त्यासाठी ‘व्हीसीडीइमेजर’ हे पॅकेज टाका. त्यातली ‘व्हीसीडीएक्सरिप’ ही आज्ञा फाइलच्या वाटेला न जाता चकती ट्रॅकनुसार वाचते. एमप्लेअर हा व्हिडिओ प्लेअर असेल तर त्याच्या ‘डम्पस्ट्रीम’नेही काम होतं, फक्त ट्रॅक २ पासून सुरू करा, पहिल्या ट्रॅकमध्ये नुसती फाइलींची यादी असते. हाती येईल ती एमपीईजी-१ फाइल, चित्र ३५२ बाय २८८. ती मोठी करायच्या, एचडी करायच्या फंदात पडू नका. मांडवातली पाहुणेमंडळी तेव्हाही धूसरच दिसत होती. दुरुस्तीचा मजकूर नसल्यामुळे ओरखडा आला की चित्रात चौकोन उडतील, पण पुढे चालत राहील.

आता गायब होणारा ड्राइव्ह. तुम्ही कंटेनर तीनदा नव्याने उभा केलात असं लिहिलंय. माझ्या मते दोष त्या हबमध्ये आहे. ड्राइव्ह गायब होताच टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (dmesg) ही यंत्राच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवा. शेवटच्या ओळींत ‘यूएसबी डिसकनेक्ट’ दिसलं तर सॉफ्टवेअरचा बहुधा संबंध नाही, वीज अपुरी पडत असणार. पातळ ड्राइव्हला मोटर फिरवायला सुरुवातीला मोठा घोट लागतो. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. बिनअ‍ॅडॅप्टरच्या हबवर तेवढ्यातच बाकीचेही वाटेकरी. ड्राइव्ह सरळ लॅपटॉपच्या निळ्या पोर्टला लावा, किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्या. लांब केबल असेल तर ती आधी काढा.

यात एक मेख आहे. वीज तुटून ड्राइव्ह परत आला की कधीकधी तो नव्या नावाने येतो. आधी ‘एसआर०’ होता, आता ‘एसआर१’. कंटेनर मात्र जुन्याच नावाच्या दारात उभा. शिवाय मेकएमकेव्हीला एकट्या ‘एसआर’ने भागत नाही, त्याच ड्राइव्हचं ‘एसजी’ नावाचं दुसरं दारही कंटेनरमध्ये द्यावं लागतं. कोणत्या एसआरचा कोणता एसजी हे ‘एलएसस्कझी’ला ‘जी’ पर्याय दिला की कळतं. यादीत एसजी दिसतच नसेल तर ‘एसजी’ हे मॉड्यूल (लिनक्सचा जोडभाग) ‘मॉडप्रोब’ या आज्ञेने चढवा, आणि मशीन सुरू होताना आपोआप चढेल अशी नोंदही करा, नाहीतर वीज गेल्यावर पुन्हा तेच. आणि ‘व्हर्जन टू ओल्ड’ असा संदेश आला तर घाबरू नका, तो ड्राइव्हबद्दल नसतो. मेकएमकेव्ही अजून बीटा, म्हणजे चाचणीच्या अवस्थेत आहे, अधूनमधून नवी आवृत्ती आणि नवी चावी घालावी लागते.

तिसरं दुखणं खरं आहे. ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनकरेक्टेबल’ असं आलं की चकतीवरचं वाचता येत नाहीये. आपल्या हवेत हे व्हायचंच. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरा येतो, तिथे चकत्या काय टिकणार!

चकती बल्बसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चकाकणारा थर गेला, ते पुसून परत येत नाही. सीडीत हा थर वरच्या, नाव लिहितो त्या बाजूला, नुसत्या लाखेच्या लेपाखाली असतो. म्हणून सीडी खालून कमी आणि वरून जास्त मरते. डीव्हीडीत तो दोन तबकड्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे थोडी धीराची. लग्नाच्या सीडीवर नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर असेल आणि दमटपणाने फुगला असेल, तर कृपा करून तो सोलू नका. त्याच्याबरोबर चकाकणारा थर सोलून येतो. मी एक सोललाय, त्यात आमच्या आजीचं शेवटचं शूटिंग होतं.

ठिपके नसतील आणि नुसता बुरा किंवा बोटांचे डाग असतील तर साध्या पाण्याने आणि थेंबभर साबणाने धुवा, मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा. गोल गोल नाही. माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते, त्याच दिशेने ओरखडा गेला तर सलग माहिती जाते. आडवा गेला तर दुरुस्तीत निभावतं. टूथपेस्टने ओरखडे घासायचे व्हिडिओ बघू नका.

मग मेकएमकेव्ही बाजूला ठेवून डीव्हीडींची आधी ‘डीडीरेस्क्यू’ने अख्खी प्रतिमा, म्हणजे चकतीची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये, काढा. उबुंटूत पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे. सेक्टरचं माप २०४८ द्या, पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय लावा म्हणजे तो खराब जागी रेंगाळत नाही, सोपं ते आधी उचलतो. ड्राइव्ह आणि प्रतिमेच्या नावांनंतर तिसऱ्या जागी मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका. कुठवर वाचलं, काय राहिलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की तिथूनच पुढे, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर याच एका गोष्टीसाठी मी त्याला दंडवत घालतो. त्याहून मोठी सोय अशी, की तुमच्या ड्राइव्हने जे सोडलं ते दुसऱ्या ड्राइव्हवर, तीच प्रतिमा आणि तीच मॅपफाइल देऊन भरता येतं. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. माझ्या मुंजीची चकती माझ्या पातळ ड्राइव्हने अर्धवट टाकली होती, शेजारच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने उरलेली जवळजवळ सगळी वाचली. त्या रात्री आई दोनदा उठून आली, “रातभर काय करतंस त्या चकत्यांका घेवन?”

प्रतिमा हाती आली की मेकएमकेव्हीला चकतीऐवजी ती द्या. एक सेटिंग मात्र बदला. १२० सेकंदांहून लहान भाग तो आपणहून वगळतो. सिनेमासाठी ठीक, पण घरच्या डीव्हीडीत हळदीची क्लिप मिनिटभराचीच असते. ती मर्यादा १० वर आणा.

हे सगळं घरच्या शूटिंगपुरतं, त्यांना कॉपी रोखणारं कुलूप नसतं. विकतच्या डीव्हीडीचं कुलूप तोडणं हा वेगळा मामला, त्याआधी कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए वाचा.

ड्राइव्ह उघड्यावर ठेवू नका. मी पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. पावसाळी सकाळी बाहेर काढला की पाव तास नुसता चालू ठेवा, भिंगावरचा दमटपणा जाऊ दे, मग चकती घाला.

आधी हब काढून बघा आणि एकाच अडणाऱ्या डीव्हीडीवर प्रयोग करा. तरीही अडलं तर ‘डीमेसेज’च्या शेवटच्या वीस ओळी आणि मॅपफाइल इथे टाका. मॅपफाइलमध्ये खराब जागा शेवटाकडे आहेत की मध्ये विखुरलेल्या, त्यावरून पुढचं सांगता येईल.