'एअर' दिसत नाही, मग ते ॲब्स्ट्रॅक्ट नाउन का नाही?

प्रश्न असा आहे: हाताला लागतं ते काँक्रीट नाउन, लागत नाही ते ॲब्स्ट्रॅक्ट, असं शिकवलं जातं. मग 'एअर', 'थंडर', 'रेनबो' ही काँक्रीट कशी?

'हात लावून बघा' ही कसोटीच अपुरी आहे. पाचांपैकी कोणत्याही एका इंद्रियाला कळलं तरी पुरतं. गडगडाट फक्त ऐकू येतो, इंद्रधनुष्य फक्त दिसतं, वारा अंगाला लागतो. म्हणून ही तिन्ही काँक्रीटच.

पण ही कसोटीही वेदना या अर्थाच्या 'पेन'पाशी अडखळते. वेदना तर चांगलीच जाणवते! अशा वेळी मराठी व्याकरणातली धर्मी आणि धर्म ही जुनी जोडी मला जास्त भरवशाची वाटते. गुण, अवस्था किंवा क्रिया म्हणजे धर्म; तो ज्याच्या ठिकाणी असतो तो धर्मी. धर्माला दिलेलं नाव ते आपलं भाववाचक नाम, म्हणजेच ॲब्स्ट्रॅक्ट नाउन. वेदना ही कुणाची तरी अवस्था असते, म्हणून 'पेन' ॲब्स्ट्रॅक्ट. याच न्यायाने 'घोस्ट' मी काँक्रीटमध्ये धरेन. भूत असो वा नसो, ते नाव कुठल्या गुणाचं नाही. इथे मतभेद होऊ शकतो, हे मान्य.

प्रत्ययांची खूण बऱ्याचदा कामी येते: काइंडनेस, चाइल्डहुड, फ्रेंडशिप, फ्रीडम. मात्र 'विटनेस' बघा. त्यातला 'नेस' हा तोच प्रत्यय आहे आणि या शब्दाचा जुना अर्थ साक्ष असाच होता. पुढे साक्ष देणाऱ्या माणसालाही तेच नाव पडलं. धर्माचं नाव धर्मीला मिळालं! 'यूथ' म्हणजे तारुण्य, पण 'अ यूथ' म्हणजे एक तरुण. 'ब्यूटी' म्हणजे सौंदर्य, पण 'शी इज अ ब्यूटी' म्हटलं की सुंदर स्त्री. म्हणून सुटा शब्द समोर ठेवून 'हा कोणत्या प्रकारात?' असं विचारू नये. वाक्य बघावं.

आणखी एक गल्लत याहून जास्त नडते. काँक्रीट म्हणजे मोजता येणारं आणि ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे न मोजता येणारं, असं अनेकजण धरून चालतात. या दोन वाटण्या वेगवेगळ्या आहेत. 'आयडिया' ॲब्स्ट्रॅक्ट असूनही 'टू आयडियाज' होतात. 'फर्निचर' आणि 'राइस' काँक्रीट असूनही त्यांचं अनेकवचन एरवी होत नाही. वाक्य लिहिताना 'अ' लावायचा की नाही, शेवटी 'एस' येतो की नाही, हे मोजता येण्यावर ठरतं. मराठीत आपण दोन सल्ले देतो, म्हणून इंग्रजीत 'टू ॲडव्हाइसेस' लिहून जातो. तिथे 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस' हवं. 'इन्फर्मेशन'चंही तसंच.

'द'च्या बाबतीत मात्र ॲब्स्ट्रॅक्ट नाउन ओळखता आलं की मदत होते. गुणाबद्दल सरसकट बोलायचं असेल तर 'द' नको: 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी'. तोच गुण एका विशिष्ट माणसाचा म्हणून सांगायचा असेल तर 'द' येतो: 'द ऑनेस्टी ऑफ द विटनेस'.