कोपऱ्यातला तो लाल डबा व्हायरस नाहीये, आधी फॉरमॅट थांबव

अरे थांब, आधी बाबांना सांग की कॉम्प्युटर दुकानात नेऊ नका. तू लिहिलंयस की बाबा इंदूरला सुदामानगरात, तू पुण्यात, घरच्या विंडोज १० च्या डेस्कटॉपवर उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" असा लाल डबा येतो, सर्च केलं की भलतंच पान उघडतं, आणि जेल रोडवरचा दुकानदार म्हणतोय की फॉरमॅट करून नवीन अँटीव्हायरस टाकावा लागेल, पंधराशे रुपये. मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, रिटायर झाल्यापासून अर्ध्या राजेंद्रनगरचे कॉम्प्युटर माझ्याकडेच येतात, आणि या लाल डब्यासाठी फॉरमॅट करायची गरज मला आजपर्यंत एकदाही पडलेली नाही.

तुझ्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तू दोन्ही एकत्र करतोयस म्हणून घाबरलायस. लाल डबा वेगळा, सर्च बदलणं वेगळं.

लाल डबा म्हणजे बहुतेक वेळा नुसतं क्रोमचं नोटिफिकेशन. २०१५ मध्ये क्रोमने वेबसाईटना असं नोटिफिकेशन पाठवायची सोय दिली, जीमेल वगैरेसाठी चांगलीच आहे, पण मग फसव्या साईटवाल्यांना सापडली. बाबांनी कुठेतरी फुकट मॅच बघायला किंवा पंचांगाची पीडीएफ घ्यायला पान उघडलं असणार, तिथे लिहिलेलं असतं "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा", आणि आपली माणसं सरळ, दाबतात. झालं, त्या क्षणापासून त्या साईटला परवानगी मिळाली, मग ती साईट बंद असली तरी डबे येत राहतात, वर एखाद्या मोठ्या अँटीव्हायरसचा लोगो चिकटवलेला असतो की खरंच वाटावं. कॉम्प्युटरमध्ये काही शिरलेलं नसतं. ओळखायचं कसं, तर बाबांना त्या डब्यातली बारीक अक्षरं वाचायला सांग, लाल मोठी नाही, बारीक. तिथे गूगल क्रोम आणि शेजारी कुठल्यातरी विचित्र साईटचं नाव असेल तर तेच आहे. खरा विंडोजचा इशारा असेल तर तिथे विंडोज सिक्युरिटी असं येतं.

काढायचं असं: क्रोमचे तीन टिंब, सेटिंग्ज, डावीकडे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली अलाऊच्या यादीत जे जे ओळखीचं नाही ते सगळं रिमूव्ह, किंवा ब्लॉक. आणि वरती जो मुख्य पर्याय आहे, साईटना नोटिफिकेशन पाठवूच द्यायचं नाही, तो निवडून टाक, बाबांच्या वयाच्या माणसाला वेबसाईटची नोटिफिकेशनं हवीत कशाला, जीमेलसुद्धा ते स्वतःच उघडून बघतात. त्यांच्याकडे एज, म्हणजे विंडोजबरोबर येणारा ब्राउझर, पण वापरात असेल तर तिथेही हेच करायचं, ही यादी प्रत्येक ब्राउझरची वेगळी असते, लोक क्रोम साफ करतात आणि डबे एजमधून येतच राहतात.

आता सर्चचं. हे खरंच काहीतरी बसलेलं आहे, व्हायरस म्हणण्याइतकं नाही पण ॲडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, नक्की. माझ्या दिरांच्या कॉम्प्युटरवर हेच झालं होतं, त्यांनी कुठूनतरी फुकट कुंडलीचं सॉफ्टवेअर उतरवलं, नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेले आणि त्याच्याबरोबर एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटणारा छोटा प्रोग्राम, आलं. मी काढायला गेले तर रिमूव्हचं बटणच चालेना, आणि क्रोमच्या मेन्यूत अगदी खाली ओळ की हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो. दीर म्हणतात, "वहिनी, कुठली संस्था, मी तर चार वर्षांपासून घरी बसलोय." मग कळलं की ही ऑफिसांसाठी असलेली सोय, कंपनीचा सिस्टिमवाला पॉलिसी लावतो की हे एक्स्टेन्शन कुणी काढायचं नाही, आणि ॲडवेअरवाले घरच्या कॉम्प्युटरवर तीच पॉलिसी लावून ठेवतात म्हणून माणूस कितीही घासला तरी ते परत उगवतं. मी दोन रविवार त्यात घातले होते, तुला घालायला नकोत. फक्त ती ओळ दिसली म्हणून लगेच चोर ठरवू नकोस, काही चांगले अँटीव्हायरस पण अशी पॉलिसी लावतात. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाईप केलं की यादी दिसते, तिथे एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवायची नोंद आहे का ते बघ.

क्रम महत्त्वाचा आहे हां, उलटा केलास तर परत येईल. आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, यादी इन्स्टॉलच्या तारखेने लाव, आणि त्रास सुरू झाला त्याच्या दोन-चार दिवस इकडेतिकडे आलेलं जे जे अनोळखी आहे ते अनइन्स्टॉल. मग ॲडवक्लीनर, हे ॲडवेअर काढायचं टूल, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे तर त्यांच्याच साईटवरून घे, सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं त्याच्यावर नाही, त्यातूनच तर लोक नवीन घाण आणतात. त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी रीसेट करायचा पर्याय आहे, तो चालू करून मग स्कॅन. त्यानंतर एक्स्टेन्शन काढ, सर्च इंजिन परत गूगल कर. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी कुठली वेबसाईट चिकटवली नाहीये ना ते पण बघ. शेवटी विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटीव्हायरस, त्याचा ऑफलाईन स्कॅन, कॉम्प्युटर बंद होऊन स्वतःच चालू होतो, पंधरा मिनिटं लागतात, बाबांना आधीच सांगून ठेव नाहीतर मधेच बटण दाबतील.

वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यायची गरज मला वाटत नाही, डिफेंडर आहेच. फक्त त्याच्यात ॲप अँड ब्राउझर कंट्रोल मध्ये नको असलेली ॲप्स अडवायचं बटण असतं ते चालू आहे का बघ.

कधी कधी डबा नाही तर पूर्ण स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो, "बंद करू नका, या नंबरवर फोन करा" असं येतं. ते पण नुसतं वेबपान असतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरायचा, नाही गेलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून क्रोमला एंड टास्क, आणि परत उघडल्यावर "पानं परत आणू का" विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे एक वाक्य बाबांच्या मॉनिटरवर चिकटवून ठेव.

आणि बाबांना प्रेमाने विचार की त्या नंबरवर फोन केला होता का. रागावून विचारलंस तर सांगणार नाहीत, आमच्या गल्लीतल्या काकांनी आठ दिवस लपवलं होतं. केला असेल आणि कुणाला कॉम्प्युटर दुरून चालवायला दिला असेल तर मग वरचं सगळं नंतर, आधी इंटरनेटची वायर काढा, बँकेला फोन, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्या कॉम्प्युटरवरून नाही.

तुला पुण्यातून करायचं तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट, दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायची सोय, आधीच असतं, कोड तू पाठव, ते टाकतील, पण फोन तूच लाव म्हणजे आवाज ओळखीचा राहील. दुकानदाराचं एक मात्र खरं मानते, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तर मशीनला ११ चालतं का ते त्याच बैठकीत बघून घे. डब्यातल्या बारीक अक्षरात काय नाव आहे आणि पॉलिसीच्या पानावर काय दिसतं ते सांग, त्याच्यावरून पुढचं सांगते.